फुंकरकाका आणि चार टेकू

यंत्र उघडण्याआधी काका त्यावर फुंकर मारायचा. स्क्रू हातात घेतला की आधी फुंकर. चहा गार झालेला असला तरी फुंकर. अडला की कानाची पाळी ओढायचा. दुसऱ्याच्या घरी चपला दाराकडे तोंड करून काढायचा, जणू निघायची तयारी आधीच. स्वतःची चूक सापडली की मोठ्यांदा हसायचा. गल्लीने त्याला फुंकरकाका करून टाकलं होतं. रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली.

त्या दिवशी तो हसत नव्हता.

त्याची पुतणी इमारतींचे आराखडे करायची. एका वाचनालयाच्या आराखड्याच्या स्पर्धेत ती पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर उतरली होती. प्रवेशिका संध्याकाळी पाचला बंद होणार होत्या. आराखड्याची चित्रफीत तयार व्हायला कॉम्प्युटरला सलग चार तास हवे होते. आणि कॉम्प्युटर दोन मिनिटांत शंभर अंशांवर जाऊन बंद पडत होता. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर काकानेच आदल्या संध्याकाळी बदलला होता.

"जुना घरघर करायचा, पण चालायचा तरी," पुतणी म्हणाली.

"टोमणे नंतर मार. बॅटरीचा उजेड धर इकडे."

अकरा वाजले होते. पंखा फिरत होता. वायर जागेवर होती.

"कूलरच्या तळाला चिकटवलेलं प्लास्टिक काढलं होतंस ना?"

"मी काय काल जन्मलोय?" तरी त्याने कूलर उतरवून पाहिला. प्लास्टिक नव्हतं. पण प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट एका कोपऱ्यातच पसरली होती. बाकीचा ठिपका जसाच्या तसा. कूलर नीट टेकलाच नव्हता.

"स्क्रू तर पिळून बसवले होते," तो पुटपुटला. कानाची पाळी लाल झाली. मग हात थांबला. "टेकू!"

कूलर चार पितळी टेकूंवर बसतो. नवे खोक्यात आले होते. काकाला ते किरकोळ वाटले. कारखान्यापेक्षा त्याचा स्वतःच्या बोटांवर विश्वास. त्याने जुनेच दणकट टेकू राहू दिले. ते नव्या कूलरला केसभर उंच पडत होते.

"नवे कुठेत?"

"शर्टाच्या खिशात."

"कुठल्या?"

"कालच्या."

पुतणीने काकूला फोन लावला.

"शर्ट मशीनमध्ये फिरतोय," काकू म्हणाली. "मघापासून खडखडतंय. मेकॅनिकलाच बोलवणार होते."

"मेकॅनिक इथे अडकलाय," काका ओरडला. "बंद कर आधी ते!"

चौथा टेकू ड्रमच्या रबरात अडकला होता. काकू ओल्या मुठीत चारही घेऊन धापा टाकत आली, तेव्हा साडेबारा झाले होते.

काकाने टेकू पुसले. जुनी पेस्ट खरवडली, नवा ठिपका ठेवला. स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, अर्धा अर्धा वळसा.

बारा पन्नास. चित्रफितीचं काम सुरू झालं. चाळीस अंश. अठ्ठावन्न. पुतणीने नखं तळव्यात रुतवली. एकाहत्तर. आकडा तिथेच थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकाहत्तरच.

तेव्हा काका हसला. भिंती हलतील असा.

मग वायरी गोळा करायला त्याने कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत हात घातला.

"हात लावू नकोस!" पुतणी किंचाळली. "चार तास कुणी श्वासही घ्यायचा नाही."

त्याने दोन्ही हात वर केले. "नाही लावत, बाई. उद्या सकाळी येतो. वायरी बांधतो, झाकण लावतो."

पाचला आठ मिनिटं असताना प्रवेशिका गेली. तिने फोन केला. "बघ, झालं की नाही," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने त्याला हाक मारली. तो उठला नाही.

कॉम्प्युटरचं झाकण भिंतीला टेकून उभं आहे. वायरी तशाच बाहेर लोंबतात. बांधायच्या पट्ट्या त्याने टेबलावर काढून ठेवल्या होत्या. एकीचा फास अर्धा ओढलेला आहे.