परक्या माणसाचं काम

अन्याय उस्तादांवर झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, आपल्या आठवडी बाजारात. हे नुसतं पत्रक असतं तर मी लगेच खाली मागणी टाकली असती. पण उस्ताद कोण होते ते सांगितल्याशिवाय मागणी करायला मला तोंड नाही.

"मरायचं किती वाजता?" शूटिंगला आल्या आल्या त्यांचा हा पहिला प्रश्न. आपल्याकडची पोरं यूट्यूबसाठी सिनेमे करतात ते तुम्ही पाहिलेत. जिंतूरकडचं सोयाबीनचं रान, एक मोबाईल, कुणाच्या तरी घरचा डबा. त्यात उस्ताद हमखास मरायचे. दुपारच्या आत मेले तर पूर्णेची गाडी मिळायची. "जल्दी मारा भाऊ, गाडी चुकायलीय," अशी घाई ते मारणाऱ्यालाच करायचे.

हैदराबादेत त्यांनी नाटकांत राजे केले होते. इकडं चार दिवसांच्या कामाला आले आणि पूर्णेत खोली करून राहिले. का, म्हणून मी एकदा विचारलं. "तिकडं माझ्यासारके गल्लीत धा. हितं मी एकलाच." खरंच होतं. परका माणूस पाहिजे असला की फोन उस्तादांना. बोगस बियाणं विकणारा, जमिनीचा दलाल, भोंदू बाबा. त्यांच्या पेटीत डिंक आणि सहा दाढ्या. सोनपेठला एकदा घामानं अर्धी दाढी सुटली, तर गाल हातानं दाबून त्यांनी अख्खा संवाद दात दुखत असल्यासारखा म्हटला. लोक त्यालाच जास्त हसले.

मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली, तेव्हा मीच त्यांच्याकडं गेलो. अफवेविरुद्ध सिनेमा करायचा होता. एक परका माणूस बाजारात पोरीला खाऊ देतो, हात धरून नेतो, लोक धावतात, आणि शेवटी कळतं की तो तिचा आजा आहे. पोरगी म्हणजे माझी भाची. शूटिंग आपल्या पद्धतीनं, चोरून. बाजाराला सांगितलं की सगळे कॅमेऱ्यात बघतात.

"दाढी कोणती लावू?" उस्तादांनी विचारलं.

"नको. तुमचाच चेहरा राहू द्या."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "साहेब, लोकांना लय खरं वाटंल हे."

"वाटायलाच पाहिजे," मी म्हणालो.

पुढचा मूर्खपणाही माझाच. लोकांनी पूर्ण सिनेमा बघावा म्हणून मी पहिली चाळीस सेकंदं कापून ग्रुपवर टाकली. खाऊ, हात, चालणं. आजा कळतो तो शेवट लिंकमध्ये ठेवला. पुढं पाठवताना कुणीतरी लिंक काढली. दोन दिवसांनी तीच चाळीस सेकंदं माझ्याकडं परत आली. वर लाल अक्षरं: हा माणूस दिसला तर सोडू नका.

मी उस्तादांना फोन लावला. लागेना. त्यांच्या शेजाऱ्याला लावला, तो म्हणाला, ते बाजारालाच गेलेत. मी पळत सुटलो. पोचलो तेव्हा गर्दीनं त्यांना घेरलं होतं.

"कुठला रे तू?"

"हैदराबाद... न्हाई, पूर्णेचा. अ‍ॅक्टर हाय मी, दादा."

"अ‍ॅक्टर हाय म्हनं! मग दाखव की करून!"

कुणीतरी हसलं. सगळ्यांचे मोबाईल वर. उस्तादांनी खरंच करून दाखवायचा प्रयत्न केला हो. एक हात उचलला, राजाचा असावा. आवाज फुटेना. ओठ नुसते हलत राहिले. सिनेमात इतक्यांदा मेलेला तो माणूस मरणाला भ्यालेला मी त्या दिवशी पाहिला. मग चप्पल आली. मग काठी.

मी तीस पावलांवर, मिरचीच्या पोत्यांमागं. 'हा माझा सिनेमा आहे' एवढंच ओरडायचं होतं. ओरडलो नाही. आता मलाही मारतील, एवढंच डोक्यात होतं. पोलिसांची गाडी येईपर्यंत मी जमिनीकडं बघत उभा होतो.

उस्ताद जिवानिशी वाचले. डाव्या कानानं आता ऐकू येत नाही. दवाखान्यात त्यांनी मला एकच विचारलं, "पोरीनं तर न्हाई ना पाह्यलं?" पुतण्या त्यांना हैदराबादला घेऊन गेला. तो सांगतो, दार वाजलं की काका पलंगामागं जाऊन बसतात. पेटी त्यांनी नेली नाही.

मी जबाब दिला. चाळीस सेकंदं मी कापली, हे त्यात पहिलं लिहून दिलं. पण मारणाऱ्यांचे चेहरे मला सांगता येत नाहीत, कारण मी खाली बघत होतो. तुम्ही बघत होतात. तुम्ही शूटिंग करत होतात. आता विचारलं की म्हणता, "आमी नव्हतोच तिथं," आणि घाबरून व्हिडिओ पुसायला लागलात. तुमची भीती मला कळते, मी तिच्यासोबतच झोपतो. पण मारणारे आजही त्याच बाजारात भाजी निवडत असतील, आणि पुढच्या अफवेला त्यांना कुणीही परका चालेल.

तो व्हिडिओ पुसू नका. कुणाला पाठवूही नका. सोमवारी सकाळी दहाला मोबाईल घेऊन ठाण्यात या, आणि काठी कुणाच्या हातात होती ते नाव घेऊन सांगा.