चिकूच्या पेटीतला दुसरा भाग

डहाणूच्या उन्हात काय वाळत नाही? किनाऱ्यावर बोंबील वाळतात, अंगणात मिरच्या वाळतात, आणि मे महिन्यात दुपारी चालत निघालेला जाडा माणूस स्टेशनला पोचेपर्यंत सडपातळ होतो. मी एकदा भिजलेली छत्री उन्हात ठेवून चहा प्यायला गेलो, परत आलो तर नुसत्या काड्या. हे मी पुष्कळ जणांना सांगितलंय आणि काहींनी मान डोलावलीय. तेव्हा एका व्हिडिओ कॅसेटची बुरशी वाळवणं हे माझ्या हिशेबी कामच नव्हतं.

कॅसेट माझी नव्हती. लाज इथूनच सुरू होते, म्हणून ते आधी सांगून टाकतो.

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. आता झरीच्या शाळेत आहे, पण पहिली नेमणूक रानशेतला होती. तिथे मी ज्याच्या शेजारी खोली घेऊन राहायचो तो गावचा केबलवाला. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी टीव्ही लागायचा आणि त्यावर एक परदेशी कार्टून लागायचं, हिंदीत बोलणारं. दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा आणि रात्री तांब्याचा मुखवटा चढवून शहर राखणारा एक माणूस. आम्ही त्याला मुखवटेवाला म्हणायचो. मी 'पोरांसाठी बघतो' असं सांगून बघायचो. पोरं कंटाळून निघून गेली तरी पोरांसाठीच बघत बसायचो.

ही मालिका अजून संपलेली नाही. आधी त्याची स्वतःची, मग तो म्हातारा झाल्यावर त्याच्या पुतणीची, मग शंभर वर्षांनंतरच्या कुठल्या टोळीची, मधे मधे सिनेमे. आपल्याकडच्या चॅनेलने ती मनाला येईल तशी दाखवली. सोमवारी मेलेला खलनायक मंगळवारी दाढी करून हजर. पुढे हिंदी आवाजही बदलले. नवे आवाज गुळगुळीत, जुने मिळेनासे झाले. मग जुने चाहते एकत्र आले. कुणाकडे कॅसेट, कुणाकडे सीडी, कुणाकडे नुसता आवाज, असं गोळा करून, साफ करून, योग्य क्रमाने लावून ठेवायचं. त्यांचा एक ग्रुप आहे फोनवर. प्रसारणाचा क्रम खरा की कथेचा, पहिला सिनेमा पुतणीच्या आधी बघायचा की नंतर, यावर तिथे जी भांडणं होतात ती आमच्या भावकीतही झाली नाहीत. चालवते नागपूरची एक मुलगी, इंजिनिअर आहे. ग्रुपात सगळ्यात म्हातारा मी, आणि सगळ्यात जास्त बोलणाराही मीच.

तिची सगळी माळ लागली होती, फक्त एक मणी नव्हता. दीपगृहाच्या गोष्टीचा दुसरा भाग. पहिल्या भागाच्या शेवटी मुखवटेवाला समुद्रातल्या दीपगृहात कोंडलेला असतो, पाणी गळ्याशी आलेलं असतं, आणि बाहेरून कडी काढल्याचा आवाज येतो. संपला भाग. कडी कोणी काढली? जुन्या आवाजातला दुसरा भाग चॅनेलने एकदाच दाखवला. नव्याने आवाज भरले तेव्हा तो गाळला. ती मुलगी त्या दिवशी तापाने झोपली होती, आणि तेव्हापासून तिला ते दार कोणी उघडलं हे बघायचंय. परदेशी भाषेतलं तिला नको होतं. ज्या आवाजात अडकली त्याच आवाजात सुटायचं होतं.

"मी पाहिलाय," मी ग्रुपवर लिहिलं. खरंच पाहिला होता. मग लिहिलं, "माझ्याकडे आहे." ते खरं नव्हतं. केबलवाल्याकडे होता. लाईट गेली की गिऱ्हाइकं बोंबलायची, म्हणून तो कार्टून टेप करून नंतर पुन्हा लावायचा.

मी रानशेतला गेलो. केबल कधीच बंद पडली, आता त्याची पिठाची गिरण आहे. कॅसेट त्याने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती.

"गुरुजी, न्या," तो म्हणाला. "पण ही एकच उरलीय. बाकीच्या पाण्यात गेल्या. सुरुवातीला माझी अनौन्समेंट आहे बघा. 'लाईट गेली तर माझ्या नावाने ओरडू नका, मी पण अंधारातच बसलोय.' तेवढं मला ऐकवा एकदा. नातवंडांना खोटं वाटतं मी टीव्हीवर बोलायचो ते."

"दादा, नुसतं तुम्हालाच नाही," मी म्हणालो, "अख्ख्या देशाला ऐकवतो."

कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसत होती. नागपूरच्या मुलीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

"काका, ती चालवू नका. आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका. कुरिअर करा, पुण्यात एक जण साफ करून देतो."

"बाळा," मी म्हणालो, "वाळवण्यातलं डहाणूकराला सांगू नये."

आमच्या बायकोचा चिकू वाळवायचा धंदा आहे. गच्चीवर पेटी आहे, वर काच, आत काळा पत्रा, मधे जाळ्या. चिकूच्या फोडी सकाळी ठेवल्या की संध्याकाळी चामड्यासारख्या होतात. पेटी म्हणजे काही ऊन नव्हे, असा मी अर्थ लावला. बायको बाजारात गेली होती. खालच्या जाळीवरच्या फोडी बाजूला सारून मी कॅसेट ठेवली, अर्ध्या तासासाठी, आणि खाली येऊन ग्रुपवर आवाजी निरोप पाठवायला बसलो. मला एक वाक्य बोलायचं होतं. पण मी बोलायला लागलो की वाक्याला पिल्लं होतात. रानशेतचा ओटा आला, पन्नास माणसं आली (असायची पंधरा), लाटांच्या आवाजाने टीव्ही थरथरला, आणि शेवटी मी म्हणून गेलो, "तर मित्रांनो, कालच रात्री मी तो भाग उतरवून घेतला. कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहे. दार कोणी उघडलं ते सांगत नाही, स्वतःच बघा!"

टाळ्यांचा पाऊस. नागपूरच्या मुलीने भागांच्या यादीत त्या भागासमोरची लाल खूण हिरवी केली आणि लिहिलं, "काका, मी ऑफिसात रडतेय." मी ते दोनदा वाचलं. मग लोकांना उत्तरं देत बसलो. एकाने विचारलं, अजून काय काय आहे तुमच्याकडे? त्यालाही उत्तर दिलं.

वरून बायकोची हाक आली तेव्हा दुपार कलली होती.

"अहो! माझ्या चिकूंत हे काय मेलंय?"

कॅसेट मधोमध वाकली होती, बशीसारखी. आतल्या फितीचे वेढे वितळून एकमेकांना चिकटले होते आणि फटीतून चिकूचा पाक आत उतरला होता. मी नखाने फीत ओढली, ती तुटून बोटावर आली, काळी आणि गोड.

"उद्याची ऑर्डर होती ही," बायको म्हणाली. एक फोड हुंगून तिने तोंड फिरवलं. "प्लास्टिकचा वास. आता कोण खाणार? तुम्ही खा. कोणाची होती ही?"

मी सांगितलं.

ती फोडी पिशवीत भरायला लागली. भरता भरताच म्हणाली, "त्या लोकांना काय सांगितलंत?" मी तेही सांगितलं. तिने पिशवीची गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाली, "आणि त्याला काय सांगणार? छत्रीचं?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या मांडीवर ती लुगड्याची पुरचुंडी. रानशेत येईपर्यंत माझ्याकडे तीन गोष्टी तयार होत्या. एकीत माकड होतं. उतरलो तेव्हा एकही सांगावीशी वाटेना.

गिरण चालू होती. केबलवाल्याने फडकं सोडलं, कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. हुंगली.

"चिकू?"

"चिकूच्या पेटीत ठेवली होती. सुकवायला."

त्याने गिरण बंद केली. एवढी शांतता झाली की मला ती परत चालू करावीशी वाटली.

"माझा आवाज गेला म्हणायचा," तो म्हणाला.

"गेला, दादा."

"बाकी कोणाकडे असेल?"

"नाही."

आतून वहिनी पदराला हात पुशीत आल्या. त्याने त्यांना कॅसेट दाखवली. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि ते हसू मला मारापेक्षा जास्त लागलं. "जाऊ द्या हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गुरुजींना तोंडपाठ आहे. ते सांगतील, तुम्ही फोनात भरून घ्या. माझा भाग चुकायचा, मी पाण्याला गेलेली असायची, तर गुरुजीच सांगायचे की पुढे काय झालं. मला तर टीव्हीपेक्षा ह्यांचंच आवडायचं."

केबलवाल्याने पिठाने पांढरा झालेला फोन खिशातून काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्यासमोर डब्यावर ठेवला.

"सांगा गुरुजी. पण जसं होतं तसं. आपला मालमसाला नको."

मी घसा साफ केला. दीपगृह. पाणी. कडी वाजली. दार उघडलं, आणि दारात उभी होती...

कोण? माझ्या डोळ्यांसमोर खलनायकाची मुलगी आली, कंदील घेऊन. पण कंदील मी घातला होता, एका पावसाळ्यात, वर्गातल्या पोरांसाठी. मग कुत्रा आला. तो वहिनींसाठी आणला होता, त्यांचा कुत्रा नुकताच गेला होता म्हणून. नंतर झरीत सांगताना तो कुत्रा लंगडा झाला. मी एकेक बाजूला काढत गेलो आणि मागे खरं काही उभं असेल म्हणून बघत गेलो. फोनवरचे आकडे पुढे सरकत होते.

"कुत्रा होता की," वहिनी म्हणाल्या. "काळा. दाताने कडी ओढतो. मला पक्कं आठवतंय."

"कुत्रा कुठला?" केबलवाला म्हणाला. "कुत्राबित्रा नव्हता. होता का हो, गुरुजी?"

"वहिनी, कुत्रा मी घातला होता," मी म्हणालो.

त्या मग हळू म्हणाल्या, "म्हणजे मी आजवर डोळ्यांसमोर जे बघत आले ते..." आणि पुढचं न बोलता आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला.

"मग उघडलं कोणी?" केबलवाल्याने विचारलं. "मला वाटतं त्याला घड्याळं शिकवणारा म्हातारा उस्तादच येतो. पण हे मी बघितलं की तुम्ही सांगितलं, देव जाणे."

मला ठाऊक नव्हतं. मी पाहिलं होतं. तिथे आम्ही दोघंच होतो पाहिलेले, आणि त्याच्या डोक्यातही मी आधीच जाऊन बसलो होतो.

तिथेच बाजूच्या डब्यावर बसून मी नागपूरला निरोप लिहिला. भाग उतरवला नव्हता. कॅसेट माझी नव्हती. तू नको म्हणालीस ते केलं आणि ती गेली. पुन्हा लाल खूण कर. एवढं छोटं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. तिने वाचल्याचं दिसलं.  थोड्या वेळाने यादीतली खूण लाल झाली.

केबलवाल्याने फोन अजून बंद केला नव्हता.

"जेवढं नक्की आहे तेवढं तरी सांगा," तो म्हणाला.

मी पुष्कळ विचार केला.

"पाणी गळ्यापर्यंत आलंय," मी म्हणालो. "बाहेरून कोणीतरी कडी काढतं."

"ते तर पहिल्या भागात आहे."

"हो," मी म्हणालो.

त्याने फोन उचलला, पण बंद केला नाही. तोंडाजवळ नेला, आणि त्या जुन्या अनौन्समेंटच्या आवाजात म्हणाला, "लाईट गेली तर माझ्या नावाने ओरडू नका." पुढचं वाक्य तो बोलला नाही. गिरणीचं बटण दाबलं आणि डब्यावरून उठा अशी मला हाताने खूण केली. दळण घेऊन कोणी बाई दारात उभी होती.