मोराच्या मानेचे आठ पत्ते

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं आहेत. त्यांत सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची फ्लॉप्या, झिप डिस्क, स्पूलच्या टेपा, ऑडिओ आणि व्हिडिओ कॅसेटी, आणि जुन्या जकार्ड मागांचे भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते आहेत. ही सगळी साठवणीची साधनं आता बाजारातून गेली. ती वाचणारी यंत्रं खिडकीपासून लांब, भिंतीलगतच्या टेबलावर मांडली आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात वरच्या फळीवरच्या कॅसेटी वाकतात, म्हणून कॅसेटी खाली आणि पुठ्ठा वर, अशी रचना आहे.

लोक लग्नाची कॅसेट, बंद पडलेल्या दुकानाची फ्लॉपी, कुणाच्या आजोबांचं कीर्तन असं काहीबाही घेऊन येतात. मी ते चालवून पाहतो आणि निघालं तर पेन ड्राइव्हवर घालून देतो. एकदा एका स्थानिक वर्तमानपत्राने माझ्यावर चार ओळी छापल्या. बातमीदाराने विचारलं, हा छंद कधीपासून? मी सांगितलं, लहानपणापासूनच जुन्या वस्तूंची आवड.

ते खोटं होतं. मी आता सत्याहत्तर वर्षांचा आहे. हा संग्रह कसा सुरू झाला ते खरं लिहून ठेवायचं आहे.

तरुणपणी मी एका चादरीच्या कारखान्यात पत्ते पाडायचं काम करत होतो. चादरीवरचं चित्र आधी डिझाईन मास्तर ग्राफच्या कागदावर काढायचे. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे एक पत्ता, आणि लाल रंगवलेला चौकोन म्हणजे भोक. मी ओळ बघून पुठ्ठ्यात भोकं पाडायचो, पत्त्यावर शाईने क्रमांक लिहायचो आणि सगळे पत्ते क्रमाने दोरीत ओवून त्यांची लांब साखळी करायचो. ती साखळी मागावर चढली की माग विणायला लागायचा. मागाला चित्र दिसत नाही. साखळीत जे ज्या क्रमाने येतं, ते तो विणतो.

आमचे डिझाईन मास्तर तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातले होते. माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे. सगळा कारखाना त्यांना अन्ना म्हणायचा, मीही. डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या डब्यातली चिंचेची आमटी मला इतकी आवडायची की ते ती मुद्दाम जास्त आणायचे आणि म्हणायचे, “बायको विचारते, तुझं पोट वाढलं का? मी म्हणतो, हो, दुसऱ्याच्या अंगात वाढलंय.”

त्या वर्षी अन्नांनी मोराची एक चादर काढली. मान मागे वळवलेला मोर, चारी कोपऱ्यांत. ग्राफला त्यांना दोन महिने लागले. पत्ते मी पाडले. ओवायचं काम शेवटच्या टप्प्यात आलं तेव्हा गावात जत्रेचा गड्डा भरला होता. बायकोला आणि मुलांना संध्याकाळी जत्रेला न्यायचं कबूल केलं होतं, म्हणून मी घाईत होतो. ओवायला घेतलेला एक गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पडला. मी तो गोळा केला. आठ पत्ते उलट्या क्रमाने हाती आले असणार. क्रमांक पाहायला हवे होते. मी पाहिले नाहीत. इतकी वर्षं हाताला सवय होती, हातावर विश्वास टाकला आणि ओवून मोकळा झालो.

आठ पत्ते म्हणजे चादरीवर बोटाच्या पेरापेक्षा कमी जागा. पण ती नेमकी मानेच्या वळणावर आली. वळण जिथे सरकत जायला हवं तिथे एक खाच पडली. मोराची मान कापून पुन्हा बसवल्यासारखी दिसत होती. मागावर जवळून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवडाभराचा माल मुंबईच्या व्यापाऱ्याने परत पाठवला तेव्हा मालकांनी चादर अंगणात पसरवली आणि सगळ्यांना दिसलं.

मालक ओरडणारे नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, “ग्राफ चुकला की पत्ते?”

मी म्हणालो, “पाहून सांगतो.”

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते. साखळी मागावरून उतरवली तेव्हा काय झालंय ते मला लगेच कळलं. क्रमांक उलटे होते, अक्षर माझं होतं. मी ते आठ पत्ते दोरीसकट कापून डब्याच्या पिशवीत घातले. मग अन्नांच्या टेबलावरचा ग्राफ घेतला आणि त्यांच्याच रंगाने, त्यांच्याच ब्रशने मानेच्या आठ ओळी खोडून तशाच उलट्या रंगवल्या. मालकांना ग्राफ दाखवला. “पत्ते ग्राफप्रमाणेच होते,” मी म्हणालो. नवे आठ पत्ते पाडून साखळी संध्याकाळपर्यंत नीट केली. त्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली.

अन्नांनी तो ग्राफ बराच वेळ हातात धरला होता. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “असेल. डोळे दमले असतील.” त्यांना काढून टाकलं नाही. त्यांना साध्या पट्ट्यांच्या चादरींवर बसवलं, आणि दोन महिन्यांनी ते स्वतःच यायचे बंद झाले. त्यांच्या जागी मी डिझाईन मास्तर झालो. निवृत्त होईपर्यंत तोच होतो.

ते आठ पत्ते मी जाळू शकलो असतो. आमच्याकडे बंब होता, रोज पेटायचा. का जाळले नाहीत ते मला आजही सांगता येत नाही. पण नुसते आठ पत्ते कपाटात दिसले असते तर बायकोने विचारलं असतं. म्हणून मी आणखी जुने पत्ते आणून त्यांच्यावर ठेवले. पुढे मागांवर संगणक आले, डिझाईन फ्लॉपीवर गेलं, तेव्हा फ्लॉप्या आणल्या. मग कॅसेटी. बायको म्हणायची, “भंगारवाला रस्त्यावरून ओरडत जातो, आमचा घरात गप्प बसतो.” हळूहळू ती खरंच आवड झाली. पण एखाद्या वस्तूवर दुसरी वस्तू ठेवायची, एवढंच सुरुवातीला होतं.

अन्ना मागच्या वर्षी वारले. मला कळलं होतं. मी गेलो नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. म्हणाली, “काका, तुम्ही फ्लॉपी वाचून देता ना? मी शाळेत शिक्षिका आहे. माझे वडील चादरींचे डिझाईन मास्तर होते.” मग कारखान्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, “तुम्ही पण तिथेच होता, असं ऐकलं. म्हणून धीर झाला.”

मी तिला ओळखलं. कपाळ अन्नांचं होतं. तिला बसायला सांगितलं आणि पाणी आणायला आत गेलो.

तिने सांगितलं, कारखाना सोडल्यावर वडील घरी बसून लोकांचे ग्राफ रंगवायचे आणि आई विड्या वळायची. घर आईच्या विड्यांवर चाललं. साठीनंतर एका छोट्या कारखान्यात ते संगणकावर डिझाईन काढायला शिकले. आता त्यांच्या पेटीत तीन फ्लॉप्या सापडल्या होत्या.

निवृत्त होताना डिझाईन विभागातला भंगारात निघालेला जुना संगणक मी मागून घेतला होता. तो अजून चालतो. पहिल्या फ्लॉपीला बुरशी लागलेली. दुसरी घरघरली आणि थांबली. तिसरी उघडली. आत अकरा फाईली होत्या. ‘मोर १’ पासून ‘मोर ११’ पर्यंत. तारखा सात वर्षांत पसरलेल्या.

मी एकेक उघडत गेलो. सगळीकडे तोच मोर, मान मागे वळवलेला. इतर काही नाही, काही फाईलींमध्ये तर फक्त मानच, मोठी करून काढलेली.

“हा काय प्रकार आहे?” ती म्हणाली. मग स्वतःच हसली. “म्हणजे अजून ती चूक शोधत होते. आमच्या घरी एक बोलणं आहे, काका. कुणाचं काही चुकलं, भाजीत मीठ पडलं नाही, दूध उतू गेलं, की आई म्हणते, मोर झाला. नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, मोराच्या डिझाईनमध्ये चूक केली आणि नोकरी घालवली ना, त्यावरून. आम्ही भाऊ-बहीण पण तसंच म्हणायचो. त्यांच्यासमोर.”

“ते काय म्हणायचे?”

“काही नाही. हसायचे. एकदा मला म्हणाले होते, माझा हात तिथे चुकतच नाही गं. पुन्हा पुन्हा काढून बघतो, तिथे चुकत नाही.”

मी अकरावी फाईल उघडी ठेवली. मान बरोबर होती. अकराही ठिकाणी बरोबर होती. मी उठून कपाटातल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या तळाचे ते आठ पत्ते काढले आणि तिच्यासमोर ठेवले. दोरी अजून तशीच होती. क्रमांक वाचायला सांगितले. तिने वाचले, उलटे. मग मी वर लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं. जेवणाची सुट्टी, ब्रश, सगळं.

तिने क्रमांकांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “नान्नांना माहीत होतं?”

“नाही.”

“तुम्हाला चाळीस वर्षं मिळाली होती, काका.”

“हो.”

तिने पत्ते पिशवीत घातले. मी अडवलं नाही. दारात चप्पल घालताना म्हणाली, “मला सांगून भागणार नाही. आईला सांगा. उद्या अकरा वाजता या.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पूर्व भागातलं त्यांचं घर दोन खोल्यांचं आहे. अन्नांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, आता ऐंशीच्या पुढे आहेत. पलंगावर बसल्या होत्या. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून मला जवळ बसवलं. मी मराठीत बोलत गेलो आणि अडलं तिथे मुलगी तेलुगूत सांगत गेली. बोलताना मला वाटत होतं की त्या मला शिव्या देतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. खरं सांगायचं तर त्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलीला काहीतरी विचारलं, मुलगी हो म्हणाली.

“म्हंजे त्यांचं चुकलंच नव्हतं,” वहिनी म्हणाल्या.

“नाही, वहिनी.”

“मग मी काय बोलले त्यांना येवढी वर्षं?”

त्या मुलीकडे पाहून पुन्हा माझ्याकडे वळल्या.

“जायच्या दोन दिस आधी त्यांच्या हातून पेला पडला. पानी सांडलं अंथरुणावर. मी म्हनलं, परत मोर केला का. ते हसले.” त्यांची बोटं मांडीवर चालत होती, विडीचं पान दुमडल्यासारखी. “तुमी आज येऊन सांगून मोकळे झाला की. मी कुनाला सांगू?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकी वर्षं मी कल्पना करायचो की खरं सांगितलं तर अन्नांचं नाव धुऊन निघेल आणि माझं जायचं ते जाईल. त्या घरात खरं आणखी कुणावर जाऊन पडेल, याचा विचार मी केला नव्हता. मी म्हणालो, “चूक माझी आहे. तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही बोललात.”

“ते बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “पन बोलले तर मीच ना.”

मुलीने चहा आणला. मी नको म्हणालो. वहिनी म्हणाल्या, “प्या. आमच्यात आलेल्याला तसंच पाठवत न्हाईत. अन् हे समदं लिवून काढा. माझे दोन पोरं हायत, त्यांनी बी बापाला हसून घेतलंय. त्यांना तोंडी सांगून पटायचं न्हाई, म्हणतील म्हातारी बदलली. कागद पायजे. तुमचं लिवा, अन् मी काय बोलत होते ते बी लिवा. माझं वगळू नका.”

म्हणून हे लिहिलं आहे. रविवारी दोन्ही मुलगे घरी असतात. मी हे त्यांना वाचून दाखवणार आहे आणि वहिनींना नीट कळावं म्हणून मुलगी ओळीओळीने तेलुगूत सांगणार आहे. काल तिचा फोन आला होता. म्हणाली, “काका, वाक्यं लहान ठेवा. आणि पेल्याचं काढू नका, आईने पुन्हा विचारलंय ते लिहिलं का.”

लिहिलं आहे, असं मी तिला सांगितलं.