जीवरामनानांचा भोंगा

मे महिन्यातही नानांच्या अंगात स्वेटर. चहा बशीतूनच. खोलीत शिरताना चप्पल बाहेर, देवळात गेल्यासारखी. भिंतीवर तापमानाचा काटा असला तरी आधी नाकाने हवा हुंगायची. आणि रोज सकाळी तापमान मोजणारी कांडी मुठीत धरून तिला ऊब द्यायची. भोंगा ओरडला की समाधानाने म्हणायचं, "जित्ता हाये."

असोद्याच्या रस्त्यावर केळी पिकवण्याच्या गार खोल्या होत्या. तिथलं यंत्र जीवरामनाना सांभाळत. साल चौऱ्याण्णव. शेजारचा पुना नुकताच मराठीत एम.ए. झाला होता, नोकरी नव्हती. दुपारभर तो नानांजवळ बसायचा. खोली गार असते म्हणून, असं सांगायचा.

नाना भाचीच्या साखरपुड्याला भुसावळला गेले आणि नेमका त्याच दिवशी पंख्याचा पट्टा तुटला. खोली तापली, भोंगा वाजला. फण्या निवडणाऱ्या द्रौपदाबाईने बटण दाबलं, भोंगा थांबला, ती पुन्हा कामाला लागली. वर लाल दिवा जळतच राहिला. खोलीभर केळी काळी पडून पिचली.

दुसऱ्या दिवशी नाना परतले. खोल्यांचे मालक असलेले शेठ म्हणाले, बाईने उद्यापासून येऊ नये.

"तो बोंबलत व्हता, म्या गप केला," द्रौपदाबाई म्हणाली.

"बाई, तापानं पोरगं रडतं," नाना म्हणाले. "त्याच्या तोंडावर हात ठेवला तं ताप उतरतो का?"

"पोरगं तुमचं, ताप त्याले, अन् बोलनं मले!"

शेठलाही हसू आलं. तेवढ्यात नानांनी गळ घातली. "शेठ, बटनावर इंग्रजी लिहेल हाये. तिनं काय वाचावं? मी मराठीत लिहितो. सोमवारी तुमच्यासमोर बाईच बटनं चालवीन. नाही जमलं तं काढा."

शनिवारी पांढरा रंग आणला. "पुना, तू एम.ए. ना? सांग."

"ध्वनिसूचना स्थगित."

नानांनी ब्रश खाली ठेवला. "हे वाचेपर्यंत केळी सडतीन रे."

मग त्यांनी स्वतःच लिहिलं. पहिल्या बटणाखाली, 'फक्त भोंगा थांबतो'. दिव्याखाली, 'लाल आहे तोवर पंखा पाहा, दार पाहा'. दिवा विझवणाऱ्या दुसऱ्या बटणाखाली, 'खोली थंड झाल्यावरच'. तेवढ्यात वीज गेली. "'दाबा' उद्या," नाना म्हणाले.

रविवारी सकाळी नाना न्हाणीत पडले ते उठले नाहीत.

सोमवारी शेठ आले. आज नको, असं पुनाला म्हणायचं होतं. त्याआधीच शेठनी खोलीचं दार उघडं ठेवायला लावलं. भोंगा लगेच वाजला नाही. कोणी जरा दार उघडलं म्हणून ओरडायचं नाही, अशी त्याला सवय लावलेली असते. मग वाजला. द्रौपदाबाईने पहिलं बटण दाबलं. दार ओढून घेतलं. पंख्याचा वारा हाताला लागतो का ते पाहिलं. मग लाल दिव्याखाली येऊन उभी राहिली.

"आता ते दुसरं दाब," शेठ म्हणाले.

"थांबा शेठ. खोली अजून तापेल हाये."

काटा खाली आला तेव्हा तिने दुसरं बटण दाबलं. दिवा विझला.

"उद्या वेळेवर ये," म्हणून शेठ निघून गेले. द्रौपदाबाई पदर तोंडाला लावून तिथेच बसली.

दुसऱ्या बटणाखाली 'दाबा' अजून कोणी लिहिलेलं नाही.