अष्टग्रहीच्या तुपाचं काजळ

देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण "विश्वात एवढी शिस्त आहे, म्हणजे ती लावणारा असलाच पाहिजे" असं कोणी म्हणालं की माझं डोकं उठतं. परवा आमच्या बागेतल्या बाकड्यावर एक निवृत्त इंजिनिअर हेच समजावत बसले होते. मी त्यांचं वाक्य अर्ध्यावर टाकून उठलो. त्यांना वाटलं, म्हातारा नास्तिक दिसतो. तसं काही नाही. हे वाक्य खानदेशात गावोगाव फिरून मीच सांगितलेलं आहे, आणि त्यात माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा डोळा गेला.

आमच्या नातेवाइकांत आजही म्हणतात की अक्काचा डोळा अष्टग्रहीनं घेतला. ते खोटं आहे. त्या खोट्याला सुरुवात मी केली आणि पुढं ते मीच जपलं.

१९६२ च्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार होते. जग बुडणार, अशी बोलवा देशभर उठली होती. दोंडाईच्यात लोक प्रवास टाळत होते, लग्नं पुढं ढकलत होते. बाजारपेठेत यज्ञाचा मांडव पडला. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. धुळ्याहून बी.एस्सी. होऊन आलेला मी गावातला एकटाच, त्यामुळं यज्ञाच्या मंडळींनी मला गाठलं. म्हणाले, "गुरुजी, शेवटच्या दिवशी तुम्ही बोला. सायन्सचा माणूस बोलला की लोकांना पटतं."

मला ते फार आवडलं. भाषण तर तयारच होतं. पंचांगातलं ग्रहण मिनिटाला चुकत नाही, ऋतू चुकत नाहीत, केळीच्या घडातली फणी जागा चुकत नाही. घड्याळ दिसलं की घड्याळजी मानता ना? मग हे एवढं मोठं घड्याळ कोणी केलं?

यज्ञाला तुपाचे डबे देणारे कापडवाले शेठजी जैन होते. राजस्थानातून त्यांच्या आजोबांनी इथं दुकान थाटलेलं. मी त्यांच्या गादीवर बसून भाषणाची रंगीत तालीम केली तेव्हा ते कापड मोजता मोजता म्हणाले, "गुरुजी, आमच्या धर्मात जग बनवणारा कोणी नाय. तरी पण सूर्य टायमावर निघतो आणि दुकान टायमावर उघडतं."

"मग यज्ञाला तूप का दिलंत, शेठ?"

"तूप देवाला कुठं दिलं? गिऱ्हाइकाला दिलं."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण भाषणातला एक शब्द बदलला नाही.

अक्का तेव्हा संक्रांतीसाठी माहेरी आली होती. तिचं सासर सावद्याला, केळीवाल्यांच्या मोठ्या घरात. बरोबर चार वर्षांची मुलगी होती. आमचं गाव दोंडाईचा–धुळे रस्त्यावर, फाट्यावर एस.टी. थांबायची. शेवटचा कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाचं टोक अक्काच्या डोळ्यात गेलं. आधी नुसतं टोचल्यासारखं झालं. मग डोळा लाल झाला, उजेड सोसेना, आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागला. मी तिला सायकलवर डबलसीट बसवून दोंडाईच्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्याच्या उद्या धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि घरचं काहीही डोळ्यात घालू नका." हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं.

उद्या म्हणजे यज्ञाचा शेवटचा दिवस. माझ्या भाषणाचा.

संध्याकाळी अक्का डोळ्यावर पदर दाबून ओट्यावर बसली होती. म्हणाली, "भाऊ, उद्या सकायले जाऊत ना धुयाले? डोयामा लई ठणका शे."

मी म्हणालो, "अक्का, ग्रह आहेत. उद्या कोणी प्रवास करत नाही. यष्टीसुद्धा बंद आहे म्हणतात."

"तू मानस का हाई?"

"आबा मानतात ना."

आबा म्हणजे आमचे वडील. ते आतून ऐकत होते. खरं तर त्यांचाच जीव खालीवर होत होता. सकाळी तेच मला म्हणाले होते, तू घेऊन जा तिला दवाखान्यात. पण विज्ञान शिकवणारा मुलगाच ग्रहांचं नाव काढतो म्हटल्यावर त्यांनी माघार घेतली. "मास्तर म्हणस ते बरोबर व्हई," एवढं म्हणून ते गोठ्याकडे गेले. मला ग्रहांची भीती काडीचीही नव्हती. मला मांडवात उभं राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून दोंडाईच्याला निघालो तेव्हा फाट्यावर एस.टी. उभी होती. अर्धी रिकामी. कंडक्टर दारात लोंबकळत "धुळे, धुळे" ओरडत होता. मी मान खाली घालून पॅडल मारत राहिलो.

भाषण रंगलं. इतकी माणसं मी आधी पाहिली नव्हती. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि यज्ञातलं उरलेलं तूप एका वाटीत प्रसाद म्हणून मिळालं. ते मी जपून घरी आणलं. मायनं त्याचं निरांजन लावलं, ज्योतीवर पितळी ताटली धरली आणि काजळ पाडलं. आमच्याकडे दुखऱ्या डोळ्यावर घरच्या तुपाचं काजळ हाच पहिला उपाय असायचा. त्यात हे तूप यज्ञाचं.

बोट अक्काच्या डोळ्याजवळ नेऊन मायनं मला विचारलं, "लावू ना रे?"

माझ्या खांद्यावर शाल होती. मी म्हणालो, "लाव."

जग बुडालं नाही. चौथ्या दिवशी आम्ही धुळ्याला पोचलो तोवर अक्काला त्या डोळ्यानं दिवसरात्र कळेनासं झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पापणी उघडली आणि विचारलं, "यात काय घातलंय?" डॉक्टरांनी माझ्या सदऱ्याच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. म्हणाले, "तुम्ही तर शिकलेले दिसता." डोळ्यात फूल पडलं, बुबुळ पांढरं झालं, ते कायमचं.

आज लोक मला सांगतात की विश्वात नियम आहेत. आहेतच. जखमेत घाण गेली की बुबुळ सडतं, हा नियम ग्रहांच्या फेऱ्यांइतकाच पक्का आहे. अक्काचा डोळा अगदी नियमानं गेला. त्या नियमामागे कोणी बसलेला असेल, तर तो माझं भाषण ऐकत होता आणि बुबुळही सडू देत होता. असल्या नियंत्याचे पोवाडे मी पुढं चौदा-पंधरा वर्षं गायलो. घड्याळजीचं उदाहरण तर मला आता तोंडात घ्यायची लाज वाटते. दोंडाईच्याच्या स्टेशनाजवळ एक घड्याळजी बसायचा, लबाड होता, पण बिघडलेलं घड्याळ निदान हातात तरी घ्यायचा.

अक्का सावद्याला परत गेली. काही दिवसांनी तिचे सासरे आमच्याकडे आले. मोठा माणूस, तालेवार, पण माझ्याशी आदरानं बोलले. "तुम्ही सायन्सवाले. सांगा बरं, ग्रहानं होतं का असं?" उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "निसर्गात अकारण काहीच घडत नाही." ते मान हलवत गेले. त्या घरात माझं हे वाक्य निकालासारखं धरलं गेलं. अक्काला टाकली नाही त्यांनी. फक्त केळीची लागवड सुरू करायची असली की तिला घरात बसवायचे, बारशाला मागं ठेवायचे, ओटी भरायला दुसरीला बोलवायचे.

मग तिच्या मुलीचं लग्न निघालं. तीच चार वर्षांची पोर आता अठराची झाली होती. मी मामा म्हणून आदल्या दिवशीच सावद्याला पोचलो. हळदीला बायका जमल्या. अक्कानं वाटीत बोटं बुडवली आणि मुलीच्या गालाकडे नेली, तोच तिच्या थोरल्या जावेनं तिचं मनगट धरलं.

"तुम्ही ऱ्हाऊ द्या बाई. पोरीचं शुभ हाये. ग्रहाची नजर कशाले लावता?"

अक्कानं हात सोडवला नाही. चांगला डोळा माझ्याकडे वळवून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इचारा ना मना भाऊले. ग्रहेसना मास्तर शे तो. सांग रे, कोनी लिन्हा मना डोया?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, "अक्का, घराघराच्या रीती असतात. लग्नघरात वाद नको."

एक म्हातारी खुदकन हसली. जाऊ म्हणाली, "मास्तर शहाणे हायेत." अक्कानं बोटांची हळद मांडवाच्या खांबाला पुसली आणि आत गेली. मुलीला हळद जावेनं लावली. मी अंतरपाटामागे मामा म्हणून उभा राहिलो, फोटोतही आहे.

निघताना अक्का दारापर्यंत आली. चिवड्याची पुडी माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "त्या दिन यष्टी चालू व्हती, भाऊ. फाटावर थांबनी व्हती. मी आयकी कंडक्टरनी हाक."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढी वर्षं ती दर भाऊबीजेला मला ओवाळत होती. त्यानंतर मी ते भाषण पुन्हा केलं नाही. लोकांना वाटलं, घसा बसला. मीही तेच सांगत राहिलो.

गेल्या दिवाळीत सावद्याला गेलो होतो. तिच्या दुसऱ्या डोळ्यातही आता मोतीबिंदू आहे. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगायला लागलो, दवाखान्यातल्या डॉक्टरांचं बोलणं, शाल, काजळ. तिनं मला थांबवलं.

"माले काय सांगस? माले बठ्ठं माहीत शे. या घरले सांग. आन् देवले मधमा नको आनू. त्यानी माले नही अडकाडं."

म्हणून त्या घराला सांगतो. माझ्या बहिणीचा डोळा ग्रहांनी घेतला नाही. मी तिला वेळेवर धुळ्याला नेलं नाही, आणि नको ते डोळ्यात घालू दिलं, म्हणून तो गेला. तिच्यात अशुभ असं काहीही नाही आणि कधीच नव्हतं. या उन्हाळ्यात तुमच्याकडे अक्काच्या नातीचं लग्न आहे. पहिली हळद अक्काला लावू द्या. तिला नीट दिसणार नाही, तेव्हा मुलीचा गाल कुठं आहे ते तिला हात धरून दाखवा.