सीमधला माल डीमध्ये

विश्राम तावडे यांनी एकतीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, आणि निवृत्तीनंतर सांभाळायला काही उरलं नाही म्हणून घराचंच स्टोअर केलं. त्याला एक खरं कारणही होतं. त्यांच्या बायकोची, उत्तराबाईंची, नजर काचबिंदूने नेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, बाकी सगळं हातांच्या आणि पावलांच्या भरवशावर. म्हणून तावड्यांच्या घरात कुठलीच वस्तू जागेवरून हलायची नाही. मिठाची बरणी डावीकडून दुसरी म्हणजे दुसरीच. पाहुण्याने खुर्ची चार बोटं सरकवली तर विश्रामराव त्याच्या देखत उठून ती पूर्ववत करायचे. मुलगी समीक्षा ठाण्याहून आली की चपला काढायच्या आधी पर्स कुठे ठेवू ते विचारायची. लोक आपल्याला विक्षिप्त म्हणतात हे विश्रामरावांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

या नियमातून एकच गोष्ट सुटली होती, उत्तराबाईंचा कॉम्प्युटर. त्याच्या आतही जागा असतात, हे विश्रामरावांच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं.

त्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम होता. कुठलंही बटण दाबलं की आतली एक बाई बोलायची, जोडाक्षरं जरा चावून चावून, पण बोलायची. उत्तराबाई तिला 'वाचणारी' म्हणायच्या. वाचणारीच्या जोरावर त्या टाइप करायच्या, ऐकायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. गेला महिनाभर त्या एक भाषण लिहीत होत्या. कल्याणच्या ज्या शाळेत त्यांनी मराठी शिकवलं, तिथल्या चौऱ्याण्णवच्या दहावी 'ब'ने रविवारी स्नेहमेळावा ठेवला होता आणि बाईंनी बोलायलाच हवं असा पन्नाशीला टेकलेल्या त्या मुलांचा हट्ट होता. नजर गेल्यापासून उत्तराबाई चारचौघांत बोलल्या नव्हत्या. या वेळी बोलायचं असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

बुधवारी दुपारी त्या जरा आडव्या झाल्या आणि विश्रामराव कॉम्प्युटरवर वीजबिल बघायला बसले. बिल राहिलं बाजूला. त्यांना दिसली सी ड्राइव्हची लाल पट्टी. सी काठोकाठ भरलेला आणि शेजारचा डी रिकामा. एक गोडाऊन तुडुंब आणि दुसरं ओस, हे बघून ज्याचे हात शिवशिवणार नाहीत तो स्टोअरकीपर कसला? त्यांनी एक व्हिडिओ शोधला. नवीन प्रोग्रॅम सीऐवजी डीवर कसे बसवायचे ते त्यातला माणूस भराभर सांगत होता. अमुक ठिकाणी जा, सीचा पत्ता खोडा, डीचा लिहा. विश्रामरावांनी लिहिला. मग त्यांना वाटलं, नव्या मालाची सोय झाली, जुन्याचं काय? व्हिडिओतल्या माणसाने जुन्याला हात लावू नका असं सांगितलं होतं, पण त्या माणसाने एकतीस वर्षं स्टोअर कुठे सांभाळलं होतं? त्यांनी प्रोग्रॅमांची आख्खी फोल्डरं उचलली आणि डीमध्ये टाकली. काही मुकाट हलली, काही अडून बसली. अडलेल्यांसाठी 'स्किप' असं बटण होतं, ते त्यांनी मोठ्या मनाने सतरा वेळा दाबलं. पट्टीचा लाल रंग जाऊन निळा आला. विश्रामरावांनी स्वतःवर खूश होऊन स्वतःसाठी चहा टाकला.

गुरुवारी सकाळी उत्तराबाई खुर्चीत बसल्या, त्यांनी रोजची तीन बटणं दाबली आणि काहीच झालं नाही.

"अहो, ही बोलत नाहीये."

विश्रामराव लगबगीने आले. प्रोग्रॅम जागेवर सापडत नाही, असं पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवायचं काम जिचं, तीच सापडत नव्हती.

"स्पीकरचं काहीतरी असेल," विश्रामराव म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी याहून भिकार थाप मारली नव्हती.

मग त्यांनी दुरुस्ती काढली, म्हणजे होतं तेही घालवलं. फोल्डरं परत आणली, तर काही वाटेतच फुटली. प्रोग्रॅम नव्याने टाकला, तर तो अर्धा डीत जाऊन बसला आणि उरलेला अर्धा त्याला सीत हुडकत राहिला. सीचा पत्ता पुन्हा लिहिला, तर चालू होते तेही दोन प्रोग्रॅम बंद पडले. शुक्रवारी त्यांनी गॅलरीत जाऊन समीक्षाला हळू आवाजात फोन केला. एका मित्राने असं असं करून ठेवलंय, म्हणाले. समीक्षाने मित्राचं नाव विचारलं नाही.

"बाबा, सगळं पुसून पहिल्यापासून टाकावं लागेल. सोमवारी सुट्टी आहे, येते मी. तोपर्यंत त्या मित्राला सांगा, हात मागे बांधून बस."

ते आत आले तेव्हा उत्तराबाई बंद पडलेल्या वाचणारीसमोर बसून तीच तीन बटणं दाबत होत्या. एकदा हळू, एकदा जोरात, एकदा बोटांनी मोजून.

"माझंच काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या. "बटणं विसरले की काय मी."

तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं. विश्रामरावांनी तोंड उघडलंही, आणि जेवायला काय करू असं विचारलं. खुर्ची हलवणाऱ्या पाहुण्यांना फाडफाड बोलणारा हा माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा वावरत होता, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. पण लाज वाटणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

शनिवारी संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर उत्तराबाई म्हणाल्या, "उद्या मी नाही बोलत. भाषण तुम्हीच वाचा, मी नुसती बसते. मजकूर आहे ना त्यात? एकदा ऐकवा."

मजकूर होता, सुदैवाने त्याच्यावर विश्रामरावांचा हात पडला नव्हता. ते वाचू लागले. कल्याणचे वर्ग, पत्र्यावर वाजणारा पाऊस, मागच्या बाकावरची मुलं. भाषण सुंदर होतं. मग हे वाक्य आलं: "मुलांनो, मला दिसत नाही, तरी मी घरभर एकटी फिरते, कारण माझ्या नवऱ्याने माझी एकही वस्तू आजवर जागेवरून हलवलेली नाही."

विश्रामराव अर्ध्या वाक्यावरच थांबले.

"पुढे वाचा की."

"उत्तरा, मी हलवलं," ते म्हणाले. "वाचणारीला. बुधवारी. तुझं काही चुकलेलं नाही." आणि मग सगळं सांगितलं, सतरा स्किपांसकट. मधे एकदा हसवायचा प्रयत्न केला, तो फुकट गेला.



"समीक्षा आली की तिला सांगणार होते मी," उत्तराबाई म्हणाल्या, "डॉक्टरांकडे ने म्हणून. आधी डोळे गेले, आता डोकं चाललं, असं वाटत होतं मला. तीन दिवस."

विश्रामरावांनी कीबोर्ड पुढे ओढला. "ते वाक्य खोडतो," ते म्हणाले.

"हात लावू नका," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ताठ बसल्या. "सगळं तीनदा वाचून दाखवा, पाठ करते मी. डोकं शाबूत आहे माझं. उद्या मीच बोलणार. तुम्ही फक्त उभं राहून हे एवढं एक वाक्य वाचायचं, दहावी 'ब'समोर."