राजकन्येच्या विमानातली जागा

अमेरिकेत पार्सिपनीला आल्यावर मला पहिली नोकरी लागली ती एका लहान विमानतळावर. लोकांची स्वतःची विमानं तिथं उतरत. इंधन, गाड्या, जेवण, हॉटेलं यांची सोय आमची कंपनी करायची. आधी मी पुण्यात एका ट्रॅव्हल एजन्सीत होते, त्यामुळे काम हाताला परकं वाटलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसायची. चाळिशीची, कमी बोलणारी. ती एका बेटांच्या राज्यातली होती, जिथं अजून राजा आहे. डब्यातलं थालीपीठ मी तिला दिलं की ती बदल्यात नारळाची वडी द्यायची, आणि ती आमच्या वडीच्या इतकी जवळची असायची की आम्ही दोघी हसायचो.

एका गुरुवारी तिच्या देशाचं सरकारी विमान आमच्याकडे उतरलं. शेपटीवर राजमुद्रा होती. आतून राजकन्या, तिच्या तीन मैत्रिणी आणि राजवाड्याचा एक अधिकारी उतरला. राजकन्येचं लग्न ठरलं होतं आणि न्यूयॉर्कमध्ये पोशाखाचं माप द्यायचं होतं. बिल कुणाच्या नावावर करायचं, असं मी विचारलं, तेव्हा अधिकारी सहज म्हणाला, "सरकारच्या."

शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण काचेतून त्या विमानाकडे बघत राहिली.

"हे आमचं ॲम्ब्युलन्सचं विमान आहे," ती म्हणाली. "घेतलं तेव्हा टीव्हीवर दाखवलं होतं. लांबच्या बेटांवरचे पेशंट आणायला घेतलंय म्हणून."

आमचा साफसफाई करणारा माणूस आतून बाहेर आला तेव्हा तिनं त्याला विचारलं. आत स्ट्रेचर नव्हतं. त्या जागी सोफा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वहिनीचा फोन आला. तिचा भाऊ एका लांबच्या बेटावर शाळामास्तर होता. शाळेचं छप्पर दुरुस्त करताना वरून पडला होता, डोक्याला मार लागला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला शेजारच्या देशातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवा, इथं काही होणार नाही. वहिनीनं सरकारी कचेरीत विमान मागितलं, तर उत्तर मिळालं, विमान सरकारी कामासाठी बाहेर आहे.

ती फोन कानाला लावून ऐकत होती आणि विमान समोर उन्हात उभं होतं. "हो, मला दिसतंय," एवढंच ती वहिनीला म्हणाली.

मी तिच्याबरोबर वैमानिकाकडे गेले. तो भला माणूस होता. म्हणाला, "राजवाड्यावरून हो आलं तर मी लगेच निघतो. उद्या पोहोचेन."

मग आम्ही अधिकाऱ्याला गाठलं. लाउंजमध्ये तो कॉफी पीत होता. तिनं त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं, आणि मला कळावं म्हणून असेल, शेवटचं इंग्रजीत म्हणाली, "राजकन्येला एकदा विचारा. त्या इथून साध्या फ्लाइटनंही जाऊ शकतील."

"तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं," तो म्हणाला. "पण अशा गोष्टी आम्ही त्यांच्या कानावर घालत नाही."

त्याच दुपारी विमान उडालं, पण घराकडे नाही. राजकन्येची आणखी एक मैत्रीण फ्लोरिडात होती, तिला आणायला. त्या फ्लाइटसाठी इंधन आणि फळं सांगायची होती. "मी करते," मी म्हटलं. "नको," ती म्हणाली, आणि तिनंच फोन उचलला.

शनिवारी भाऊ गेला.

साधी विमानं बदलत ती पोहोचेपर्यंत भावाची मातीही झाली असती. वैमानिकानं हे वर सांगितलं असावं, कारण रविवारी सकाळी अधिकारी स्वतः आमच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, परतीच्या प्रवासात एक जागा आहे. तिनं समोरची फाइल मिटली. मग पर्स उचलून निघाली. मी माझा स्वेटर तिच्या हातात दिला. पोशाखांचे मोठे पांढरे खोके आधी चढले, मग ती.

परत आल्यावर तिनं मला पुढचं सांगितलं. ती मागे खोक्यांशेजारी बसली होती. राजकन्येनं तिला रुमाल दिला आणि पाणी हवंय का विचारलं. राजकन्येला खरंच काही माहीत नव्हतं. घरी सगळ्यांनी विचारलं, इतक्या लवकर कशी आलीस? तिनं खरं ते सांगितलं. गावानं ऐकलं, मग तिथल्या वर्तमानपत्रानं छापलं, आणि लोक सरकारी कचेरीबाहेर जमून चौकशी मागू लागले.

राजवाड्यानं खुलासा काढला. तो तिनं मला तिच्या फोनवर उघडून वाचून दाखवला, एकेका वाक्याचा अर्थ सांगत. त्यात म्हटलं होतं की तो प्रवास लोकांच्या भल्याचाच होता. परदेशात अडकलेल्या एका दुःखी नागरिक भगिनीला त्याच विमानानं मायदेशी आणण्यात आलं. चौकशी तिथंच संपली.

आमच्या मॅनेजरनं तिला बोलावलं. गिऱ्हाइकाबद्दल बाहेर बोलायचं नाही असा नियम होता. "मी बोलले," ती म्हणाली. त्या आठवड्यात तिचं टेबल रिकामं झालं. मी मॅनेजरकडे जाऊन तिची बाजू मांडली. त्यानं ऐकून घेतलं, बदललं काही नाही. वर्षाअखेरीस मीही ती नोकरी सोडली.

आता ती एका शाळेच्या बसच्या ऑफिसात असते. मधे एका रविवारी आमच्याकडे जेवायला आली होती. माझ्या मुलीनं वरणभात कालवता कालवता तिला सरळ विचारलं, "व्हाय डिड यू गेट ऑन दॅट प्लेन?" मी मुलीकडे डोळे वटारले. पण मैत्रिणीला राग आला नाही.

"मला त्याचं तोंड बघायचं होतं," ती म्हणाली. "झाकलेलं होतं. पण हात बघायला मिळाला."

मी मैत्रिणीच्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि तिनं नको म्हटलं नाही.